थकलेल्या पोटगीचे ऋण

मुलाच्या पोटगीचा हुकूम होणे वेगळे आणि ती रक्कम मुलाच्या हाती पडणे वेगळे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. मुखेड, कंधार, देगलूर किंवा निलंगा, अहमदपूर, उदगीर अशा तालुक्याच्या गावी पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. तारखा पडत पडत कधीतरी दरमहा अमुक रुपये द्यावेत असा हुकूम होतो. बाप दोन-चार महिने पैसे भरतो, किंवा एकदाही भरत नाही, आणि तिथून दुसरा खटला सुरू होतो तो वसुलीचा. या दुसऱ्या खटल्याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. थकलेली पोटगी म्हणजे काय? ते कर्ज असेल तर फेडल्यावाचून सुटका नाही. तो दंडनीय गुन्हा असेल तर शिक्षा भोगली की हिशेब संपला. ती केवळ गरज भागवण्याची सोय असेल तर गेल्या वर्षीची भूक गेल्या वर्षीच सरली, आता मागायचे काय? भारतीय धर्मपरंपरांनी आणि कायद्याने या तिन्ही वाटा चोखाळल्या आहेत, आणि आजचा कायदा या तिन्हींच्या मिश्रणातून उभा आहे.

यातली सर्वात जुनी स्पष्ट तरतूद कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. ऐपत असूनही जो आपली मुले, बायको, आईबाप, अज्ञान भावंडे, अविवाहित वा विधवा बहिणी यांना पोसत नाही, त्याला 12 पणांचा दंड सांगितला आहे. बायकोमुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्यालाही दंड आहे. म्हणजे मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या माणसालाही राज्य आधी घरचे काय केलेस ते विचारते. मात्र हा दंड राजाच्या कोशात जातो, पोराच्या ताटात नव्हे. चूक नोंदली जाते, शिक्षा होते, पण ज्याचे पोट उपाशी राहिले त्याला त्यातून काही मिळाल्याचा उल्लेख नाही. दंड आणि देणे यांतला हा पेच पुढे दोन हजार वर्षे सुटलेला नाही.

दुसरा आधार भूगोलानेही जवळचा आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत लिहिली. त्याची राजधानी कल्याण, म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. म्हातारे आईबाप, साध्वी पत्नी आणि तान्हे मूल यांना शंभर अकार्ये करावी लागली तरी पोसावेच, असे मनूच्या नावावर चालत आलेले वचन याच परंपरेतून हिंदू कायद्याच्या ग्रंथांत आणि पुढे न्यायालयांच्या निकालांत आले. त्यातला ‘साध्वी’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. बायकोच्या पोषणाला तिच्या वर्तनाची अट आहे, मुलाच्या पोषणाला कसलीच अट नाही. आजही पतीपत्नीच्या पोटगीच्या वादात चारित्र्याचे आरोप सर्रास होतात, आणि त्या चिखलफेकीत मुलाचा बिनशर्त हक्क बाजूला पडतो. जुन्या वचनाने निदान ही गल्लत केली नव्हती.

तरीही हिंदू विचारात एक चमत्कारिक उणीव आहे. माणूस देव, ऋषी आणि पितर अशी तीन ऋणे घेऊन जन्मतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेपासून चालत आली. पितरांचे ऋण संततीने फिटते. हा सारा हिशेब वरच्या दिशेने चालतो, पूर्वजांकडे. मूल हे त्यात फेडीचे साधन आहे, धनको नाही. ज्याला आपण न विचारता जगात आणले त्याचे आपण काही लागतो, असे ऋण यादीत वेगळे नोंदलेले नाही. भरणपोषण कर्तव्यात येते, ऋणात नाही. घरात पोरगा झाला म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि चार वर्षांनी त्याच पोराच्या शाळेचा खर्च नाकारणाऱ्या बापाला या हिशेबात फारशी विसंगती दिसत नसावी.

मराठी लोकमानसाने मात्र ही उणीव कथेने भरून काढली. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यासी झाले. गृहस्थ आहोत हे त्यांनी गुरूंपासून लपवले होते. ते कळल्यावर गुरूंनी त्यांना परत घरी पाठवले, आणि त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई जन्मली. या कथेत समाजाने संन्याशाची पोरे म्हणून मुलांचा छळ केला तो भाग नेहमी सांगितला जातो. गुरूचा निवाडा तितका सांगितला जात नाही. सोडून जाणे म्हणजे विरक्ती नव्हे, असा तो निवाडा होता.

नांदेड-लातूरच्या बौद्ध वस्त्यांत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतो. सिद्धार्थ राहुलला आणि यशोधरेला सोडून गेला, ही पारंपरिक कथा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ती तशी स्वीकारली नाही. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि परिव्राजक होऊन देश सोडतो. निघण्यापूर्वी तो यशोधरेशी बोलतो आणि ती संमती देते. मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाकडे पाठ फिरवून जाणारा नायक आंबेडकरांना नैतिकदृष्ट्या पटण्यासारखा नव्हता, असे यावरून दिसते. पाली वाङ्मयातल्या सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थाचे कर्तव्य हिशेबासारखे मांडले आहे. आईबापांनी मुलाला पापापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, हुन्नर शिकवावा, योग्य विवाह करून द्यावा आणि वेळ येताच वारसा हवाली करावा. पोटाला घालणे इथे गृहीत धरले आहे आणि शिक्षण हे कर्तव्यात मोजले आहे. पोटगी म्हणजे दोन वेळचे जेवण, असे मानणाऱ्या प्रतिवादीला हे सुत्त वाचून दाखवण्यासारखे आहे.

इस्लामी विचारात मुलाच्या पोषणाची जबाबदारी सरळ बापावर आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरहमधली 233 वी आयत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार मुलाच्या बापावर टाकते. 65 व्या सूरहमध्ये प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा असे सांगितले आहे. वसुलीच्या दृष्टीने सर्वात बोलकी आहे ती हिंद बिन्त उत्बा हिची हदीस. नवरा अबू सुफियान हात आखडतो, मला आणि मुलांना पुरेसे देत नाही, अशी तक्रार तिने प्रेषितांकडे नेली. तुला आणि तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्याच्या मालातून घे, असे उत्तर तिला मिळाले. इथे दंड नाही, उपदेशही नाही. बापाच्या मालात मुलाचा वाटा आधीच आहे, तो उचलायचा, इतकेच. भारतीय न्यायालयांनाही अखेर या निष्कर्षापाशी यावे लागले. घटस्फोटित मुस्लिम महिलांविषयीच्या 1986 च्या कायद्याने आईला मुलासाठी दोन वर्षांपर्यंतच रक्कम मिळते, असा युक्तिवाद बाप करत. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केले की मुलाचा हक्क आईच्या हक्काहून स्वतंत्र आहे आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली तो अबाधित राहतो.

युरोपीय तत्त्वज्ञानात या प्रश्नाला सर्वात नेमके उत्तर इमान्युएल कांटने दिले. आईबाप मुलाला त्याच्या संमतीशिवाय जगात आणतात, म्हणून त्याला त्या स्थितीत समाधान वाटेल इतके करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. प्रेम, लग्न, वंश यांतले काहीही त्याला आधाराला लागत नाही. भारतीय कायद्यातली एक गोष्ट याच्याशी जुळते. औरस असो वा अनौरस, मुलाला पोटगी मिळते. जबाबदारी लग्नातून नव्हे, जन्मातून उगवते.

कायद्याचा स्वतःचा उगम मात्र इतका उदात्त नाही. ब्रिटिश अमदानीतल्या 1861 च्या फौजदारी संहितेतून ही तरतूद 1898 च्या कलम 488 मध्ये, तिथून 1973 च्या कलम 125 मध्ये आली, आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या तिच्या एका कर्त्याने तिचा हेतू भटकेगिरी आणि तिचे परिणाम टाळणे हाच सांगितला होता. टाकलेल्या बायका-पोरांचा भार राज्यावर पडू नये, एवढीच काळजी. म्हणूनच दिवाणी स्वरूपाचा हा हक्क फौजदारी कायद्यात बसला आणि त्याच्या वसुलीला दंडवसुलीची पद्धत लागली. पैसे न भरल्यास जप्तीचे वॉरंट निघते, आणि तरीही बाकी राहिली तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

नेमक्या याच जागी बापांच्या तोंडी एक वाक्य ऐकू येते: महिनाभर आत बसेन, पण पैसा देणार नाही. हे नुसते हेकटपण नाही, त्यामागे एक पक्की नैतिक समजूत आहे. भोगले म्हणजे फिटले, ही ती समजूत. प्रायश्चित्ताच्या कल्पनेत ती मुरलेली आहे. दुःख सोसल्याने पाप धुतले जाते, मग देणे का नाही? सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली कुलदीप कौर प्रकरणात हा समज साफ नाकारला. कैद हे वसुलीचे साधन आहे, फेडीचा प्रकार नाही. तुरुंगात बसल्याने एक पैही वजा होत नाही. पाप आणि ऋण यांत जो फरक आहे तो या निकालाइतका स्वच्छ फार थोड्या धर्मग्रंथांत मांडला गेला असेल. पाप करणाऱ्याच्या खात्यावर असते, म्हणून त्याच्या वेदनेने ते फिटल्याची कल्पना करता येते. ऋण मात्र दोन माणसांमध्ये असते आणि दुसऱ्याच्या हाती काही पडल्यावाचून ते हलत नाही.

ऐपत नसेल तर काय? कौटिल्याने दंड ‘शक्तिमान’ माणसालाच लावला, कुराणाने ऐपतीप्रमाणे म्हटले, आणि आजच्या कायद्यातही ‘पुरेसे कारण’ नसताना पैसे न भरणाऱ्यालाच कैद आहे. पण अशक्तता म्हणजे काय, याची कसोटी कडक आहे. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली अंजू गर्ग प्रकरणात सांगितले. मराठवाड्यात ही कसोटी लावणे सोपे नाही. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांतून माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल हंगामाआधीच घेतलेली असते आणि बऱ्याचदा ती दिवाळीआधी खर्चही झालेली असते. जप्त करावा असा पगार नाही, पकडावा असा पत्ता नाही. समन्स गावात येते तेव्हा माणूस पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतो. त्यात ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. टाकलेल्या बाईला एकटीने धड कोयताही मिळत नाही, म्हणजे तिची कमाई तुटते ती दोन्हीकडून.

जिथे माग काढता येतो तिथे मात्र कायद्याची साधने समजतात त्याहून धारदार आहेत. बाप शिक्षक, एसटी कर्मचारी किंवा साखर कारखान्याचा कायम कामगार असेल तर पगार जप्त होतो. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश ऋणकोला सोडावे लागतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुटतो. दिवाणी प्रक्रिया संहितेने न बोलता दिलेला हा निवाडा आहे की हे ऋण सावकाराच्या ऋणापेक्षा जड आहे. दिवाळखोरीच्या कायद्यातही हीच भूमिका आहे: इतर देणी माफ झाली तरी पोटगी माफ होत नाही. सरकारी कर्जमाफीची सवय झालेल्या शेतकरी मुलखात ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. बापाच्या नावावर जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचे वॉरंट काढण्याची सोय आहे, आणि न्यायालयाने बोजा ठेवला तर तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 खाली दंडाधिकारी थेट मालकाला किंवा बापाचे पैसे देणे असलेल्या माणसाला रक्कम भरायला सांगू शकतात. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे पैसे अडत्याकडे येणे असतील तर हे कलम विसरू नये. 2020 च्या राजनेश विरुद्ध नेहा या निकालाने, जे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झाले होते, दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली.

या वाटेवर मदत कोण करतो, हेही तात्त्विक प्रश्नाबाहेरचे नाही, कारण ज्या हक्काची वसुली परवडत नाही तो हक्क कागदावरच उरतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि 15100 ही मदतवाहिनी आहे. पोटगीच्या दाव्यातली महिलांची कोर्ट फी महाराष्ट्र शासनाने 1 ऑक्टोबर 1994 पासून माफ केली आहे. ही माफी आभाळातून पडली नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, आणि टाकलेल्या बाईचा प्रश्न हा घरचा नसून सार्वजनिक आहे, हे त्या चळवळीने लावून धरले. हुकूम कुठे निघाला याने अडत नाही: नांदेडचा हुकूम घेऊन बाप जिथे सापडेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून तो बजावून घेता येतो.

वसुली होईपर्यंत पोट थांबत नाही. तहसील कार्यालयातून चालणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत, घटस्फोट होऊन पोटगी न मिळालेल्या स्त्रीला दरमहा 1,500 रुपये मिळू शकतात. वार्षिक उत्पन्न मात्र 21,000 रुपयांच्या आत लागते, ही अट काळाच्या फार मागे आहे. महिला व बालविकास कार्यालयाच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला 2,250 रुपये मिळतात. आणि नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये लंगर आहे, तिथे कोणाचे पोर आहेस असे कोणी विचारत नाही. मग प्रश्न असा की दुसऱ्याने पोसले तर बापाचे देणे कमी होते का? लंगरात जेवणारा कोणाचा मिंधा नसतो, पण तो कोणाचे देणे फेडूनही घेत नसतो. दान हे दात्याचे असते. त्याच्या पुण्यातून तिसऱ्याचे कर्ज वळते करता येत नाही. जर्मनीत सरकार मुलाला पोटगी आगाऊ देते आणि मग तीच रक्कम बापाकडून वसूल करते. भारतात असे खाते नाही. इथे मुलाच्या वतीने आईलाच न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात.

प्रत्यक्षात ही रक्कम आगाऊ भरते ते आजोळ. आजोबांची पेन्शन, मामाचे शेत, आईची दुसऱ्याच्या रानातली खुरपणी. मागची पोटगी मागता येते की नाही, या वादाचे उत्तर इथे आहे. इस्लामी परंपरेतल्या हनफी न्यायशास्त्रात नातलगांचे मागचे पोषण सर्वसाधारणपणे कर्ज ठरत नाही, कारण ते गरजेसाठी असते आणि गरज तर टळून गेली. काझीने हुकूम केला असेल किंवा त्याच्या परवानगीने कर्ज काढले असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय कायद्यातही वॉरंटसाठी एक वर्षाची मुदत आहे आणि तिच्या मागे अशाच धर्तीचा विचार दिसतो. पण मूल आज जिवंत आहे याचा अर्थ गरज टळली असा होत नाही. कोणीतरी ती भागवली, एवढाच होतो. पूंगोडी प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही मुदत एका विशिष्ट उपायापुरती आहे, तिने मूळ हक्क बुडत नाही. तरी व्यवहारात वर्ष उलटू न देता वसुलीचा अर्ज टाकणे आणि पुढची बाकी त्याच अर्जात चढवत राहणे शहाणपणाचे. 2005 च्या एका निकालाने तशी मुभा दिली आहे.

क्षमेचा प्रश्न याहून अवघड आहे. स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी होते, चार पंच बसतात, एकरकमी काही ठरते आणि आई लिहून देते की यापुढे मुलासाठी काही मागणार नाही. अनेकदा ती सुटकेची किंमत असते. पण सोडून द्यायला ते देणे तिचे असावे लागते. ऋण माफ करण्याचा अधिकार धनकोला, आणि इथे धनको आहे मूल, ज्याला सही करता येत नाही. म्हणून अशी लेखी सोड मुलाला बांधत नाही, असे न्यायालये सातत्याने सांगत आली आहेत. मूल भेटू देत नाहीत म्हणून पैसे देत नाही, हा बापाचा युक्तिवादही याच कारणाने टिकत नाही: आईच्या वागण्याची वसुली मुलाच्या ताटातून करता येत नाही. भेटीचा हक्क खरा आहे, त्यासाठी वेगळा अर्ज आहे.

कलम 144 खालची मुलाची पोटगी सज्ञान होताच, म्हणजे 18 व्या वर्षी थांबते. अपंगत्व असेल तर पुढेही चालते. हिंदू दत्तक व भरणपोषण कायदा, 1956 याच्या कलम 20 खाली, स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला लग्न होईपर्यंत मागता येते. लातूरमध्ये बारावी आणि नीटच्या शिकवण्यांची फी ज्या वर्षी सर्वात जास्त असते, नेमक्या त्याच वर्षी मुलाची पोटगी बंद होते. सिगालोवाद सुत्ताचा हुन्नर शिकवण्याचा दंडक इथे अपुराच राहतो. आधी चढलेली बाकी मात्र मूल मोठे झाल्याने पुसली जात नाही.

कलम 144 मध्येच आणखी एक तरतूद आहे, तिकडे वसुलीच्या धबडग्यात कोणाचे लक्ष जात नाही. स्वतःला पोसू न शकणारे आईबापही मुलाकडून पोटगी मागू शकतात. शिवाय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे दरमहा 10,000 रुपयांपर्यंत मागणी करता येते. ज्या बापाने 15 वर्षे एक रुपया दिला नाही, तो म्हातारपणी त्याच मुलाकडे हात पसरू शकतो का? कलमाच्या शब्दांत बापाने पूर्वी आपले कर्तव्य केले असण्याची अट नाही. कौटिल्याने दंडाला अपवाद सांगताना पतित झालेल्या नातलगांना वगळले होते, आणि त्यातही आईला वगळू नये असे बजावले होते. सिंगापूरच्या आईबापांच्या पोषणाच्या कायद्यात, ज्या पालकाने मुलाला टाकले वा छळले त्याचा दावा फेटाळण्याची किंवा रक्कम घटवण्याची मुभा न्यायाधिकरणाला आहे. भारतीय संसदेने 2007 साली असा अपवाद लिहिला नाही. मातृपितृऋणाची वरच्या दिशेने चालणारी जुनी वही इथे कायद्यानेही तशीच ठेवली आहे.